प्रजागर ते युक्तनिद्रा

(कुटुंबांसाठी झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



महाभारताच्या उद्योगपर्वात निद्रानाशाने ग्रासलेल्या एका माणसाची रात्र वर्णिलेली आहे. तो माणूस म्हणजे हस्तिनापूरचा राजा धृतराष्ट्र. पांडवांच्या भेटीहून परतलेला संजय राजाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना करतो आणि युधिष्ठिराचा निरोप उद्या सभेत सांगेन, असे म्हणून निघून जातो. निरोप काय असेल या चिंतेने राजाच्या अंगाचा दाह होऊ लागतो, डोळ्याला डोळा लागत नाही. तो विदुराला बोलावून घेतो. या उपपर्वाचे नावच 'प्रजागरपर्व' असे आहे. प्रजागर म्हणजे झोप न येणे. जिला आपण विदुरनीती म्हणून आदराने वाचतो, ती नीती निद्रानाशाच्या एका रात्रीत सांगितली गेली, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

विदुराने राजाला काढा दिला नाही की मंत्र दिला नाही. त्याने प्रथम कारण विचारले. बलवानाने घेरलेला दुर्बल, धन हरवलेला, कामातुर आणि चोर यांना रात्रीची झोप लागत नाही. यांपैकी काही आपल्या बाबतीत घडले आहे काय? परक्याच्या धनाचा लोभ तर मनात नाही ना? राजाचे दुखणे अंथरुणात नव्हते, ते दिवसाच्या वर्तनात होते, हे विदुराने अचूक ओळखले. निद्रानाशाच्या विचाराची याहून उत्तम सुरुवात क्वचितच सापडेल. रात्र बिघडली की तिचे मूळ बहुधा दिवसात असते, आणि म्हणून उपायही दिवसातच शोधावा लागतो.

तीन उपस्तंभांपैकी एक

आयुर्वेदाने निद्रेला केवढे स्थान दिले आहे ते पाहावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य असे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. घराचे छप्पर जसे खांबांवर तोलले जाते, तसे शरीर या तिघांवर तोललेले असते. त्याच सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात चरकाचार्य सांगतात, की सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बल आणि दौर्बल्य, ज्ञान आणि अज्ञान, एवढेच काय जीवन आणि मरण यांचाही निद्रेशी संबंध आहे. जे वेग अडवू नयेत असे शास्त्र सांगते, त्यांत मलमूत्र, शिंक, भूक, तहान यांच्या पंक्तीला निद्रेलाही बसवले आहे. आलेली झोप हट्टाने परतवणे हा आयुर्वेदाच्या दृष्टीने शरीरावर केलेला अन्याय आहे.

आपल्या लोकजीवनानेही हेच जपले. मूल जन्माला आले की त्याच्या वाट्याला येणारे पहिले गाणे अंगाईचे असते. देवळात दिवसाचा शेवट शेजारतीने होतो आणि आरंभ काकड आरतीने. स्वतः श्रीविष्णू आषाढी एकादशीला शयन करतात आणि कार्तिकीला जागे होतात, अशी आपली श्रद्धा आहे. ज्या संस्कृतीने देवाच्याही निद्रेची वेळ ठरवून दिली, त्या संस्कृतीतील घरांत आज रात्री बारा वाजता दूरचित्रवाणीचा पडदा आणि भ्रमणध्वनी उजळलेला दिसावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

शरीराची दोन व्यवस्थापने

आधुनिक विज्ञान याविषयी काय म्हणते? झोपेचे नियमन शरीरात दोन यंत्रणा करतात. पहिली यंत्रणा म्हणजे झोपेची भूक. सकाळी जाग आल्यापासून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. जितका काळ माणूस जागा, तितके ते अधिक साठते आणि तितकी झोपेची ओढ वाढते. झोप घेतली की हा साठा उतरतो. चहा-कॉफीतील कॅफीन या द्रव्याची जागा अडवून बसते. त्यामुळे थकवा नाहीसा होत नाही, तो केवळ जाणवेनासा होतो. निरोगी प्रौढाच्या शरीरातून निम्मे कॅफीन बाहेर पडायला सुमारे ५ तास लागतात. सायंकाळी ६ वाजता घेतलेल्या कडक चहाचा निम्मा अंश रात्री ११ वाजता रक्तात असतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

दुसरी यंत्रणा म्हणजे शरीराचे घड्याळ. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो दिवसरात्रीचा ताल सांभाळतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत २४ तासांहून किंचित मंद चालते. त्याला रोज कोणीतरी जुळवावे लागते, आणि ते काम प्रामुख्याने सूर्यप्रकाश करतो. सकाळचा प्रकाश डोळ्यांत शिरला की घड्याळ पुढे सरकते. रात्री डोळ्यांवर प्रखर प्रकाश पडला की ते मागे पडते. अंधार पडल्यावर मेंदूतील पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवू लागते. रात्र झाल्याची ती शरीराला दिलेली सूचना असते. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरलेला उजळ पडदा ही सूचना लांबवतो.

हे कळले की आपल्या जुन्या दिनचर्येचा अर्थ उलगडतो. पहाटे उठून मोकळ्या मैदानावर जाणे, सूर्यनमस्कार घालणे, संध्याकाळी दिवेलागणीनंतर लवकर जेवणे आणि निजानीज करणे, हा सारा क्रम शरीराचे घड्याळ रोज जुळवून घेण्याचाच क्रम होता. प्रभात शाखेवर नियमाने जाणारा स्वयंसेवक एक तासात शरीर, मन आणि घड्याळ अशा तिघांचीही मशागत करीत असतो.

गुडाकेश कोणाला म्हणावे?

येथे कार्यकर्त्यांच्या एका समजुतीचा विचार करणे आवश्यक आहे. अर्जुनाला 'गुडाकेश' असे संबोधन आहे. निद्रेवर स्वामित्व मिळवलेला, असा त्याचा अर्थ परंपरेने लावला जातो. या नावावरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला, की कमी झोपणे हा पराक्रम आहे. रात्री अकरापर्यंत बैठक, त्यानंतर गप्पा, तेथून दुचाकीवरून घर, आणि पहाटे पाचला पुन्हा मैदान! चार तासांच्या झोपेवर काम करणाऱ्याचे कौतुक होते आणि वेळेवर निजणाऱ्याकडे किंचित उपहासाने पाहिले जाते.

परंतु ज्या गीतेत अर्जुनाला गुडाकेश म्हटले आहे, त्याच गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत त्याला सांगतात, की योग अति झोपणाऱ्याला साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही साधत नाही. ज्याचा आहारविहार, कर्म, निद्रा आणि जागृती ही सारी प्रमाणात असतात, त्याचेच दुःख योगाने दूर होते. निद्रेचा स्वामी तो, ज्याला योग्य वेळी झोप येते आणि योग्य वेळी जाग येते. झोपेचे कर्ज डोक्यावर घेऊन डुलक्या काढीत बौद्धिक ऐकणारा मनुष्य निद्रेचा स्वामी नसून तिचा ऋणको असतो. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेवर स्वतंत्र समास लिहिला आहे. जांभया, घोरणे, झोपेत बरळणे यांचे त्यातील विनोदी चित्रण वाचले की समर्थांनी आपल्याच एखाद्या लांबलेल्या बैठकीला हजेरी लावली होती की काय, असे वाटते.

हा केवळ विनोदाचा विषय नाही. ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची हातांची व मनाची तत्परता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे ५ला उठलेला कार्यकर्ता रात्री १०ला बैठक आटोपून दुचाकीला किक मारतो, तेव्हा त्याचे १७ तास पूर्ण झालेले असतात. ज्याने आयुष्यात मद्याला स्पर्श केला नाही, असा निर्व्यसनी मनुष्य त्या क्षणी मद्यप्याच्या तत्परतेने महामार्गावर वाहन चालवीत असतो. घरी त्याची वाट पाहणाऱ्या पत्नीला आणि मुलांना या हिशेबाची कल्पना नसते. संघटनेसाठी प्राण वेचण्याची तयारी थोर आहे. परंतु तो प्राण डुलकीच्या हवाली करण्यात कसलेही थोरपण नाही.

निद्रानाश कसा मुरतो

एखाद्या रात्री झोप न लागणे हा आजार नव्हे. परीक्षा, लग्नघरातील धावपळ, घरातील मृत्यू, नोकरीतील संकट यांमुळे काही रात्री जागरणात जातातच. आठवड्यातून किमान तीन रात्री, आणि असे तीन महिने झोपेचा त्रास होत राहिला, झोपेला पुरेसा अवसर मिळूनही ती लागत नसली आणि त्यामुळे दिवसाच्या कामावर परिणाम होत असला, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात.

आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने या आजाराची घडण तीन पायऱ्यांनी समजावून दिली. पहिली पायरी प्रकृतीची. काही माणसे स्वभावतःच हळवी, चिंता करणारी असतात. दुसरी पायरी निमित्ताची. एखादे संकट येते आणि झोप उडते. तिसरी पायरी सवयींची, आणि खरा घोटाळा येथेच होतो. संकट टळते, परंतु त्या काळात लागलेल्या सवयी मागे राहतात. झोप भरून काढावी म्हणून माणूस रात्री ९लाच अंथरुणावर पडू लागतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी दोन तास निजतो, रात्री दर अर्ध्या तासाने घड्याळ पाहतो. झोप मिळवण्यासाठी केलेले हे सगळे उपाय झोपेची भूक मारतात. दुपारी पोटभर फराळ केलेल्याला रात्री जेवण नकोसे वाटावे, तसेच हे आहे. पाहुणा निघून गेला तरी त्याच्यासाठी आणलेले सामान घरात अडगळ करून राहावे, तसा निमित्त सरल्यावरही निद्रानाश घरात राहतो.

दिवसापासून आरंभ

तेव्हा उपायांचा आरंभ उठण्याच्या वेळेपासून करावा. झोप केव्हा लागावी हे आपल्या हाती नाही. उठावे केव्हा, हे मात्र आहे. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ बदलू नये, रविवारीही नाही. उठल्यावर शक्य तितक्या लवकर उघड्यावर यावे आणि अर्धा तास प्रकाशात चालावे किंवा व्यायाम करावा. सदनिकेत राहणाऱ्यांनी निदान सज्जात उभे राहून चहा घ्यावा.

दिवसाची झोप आयुर्वेदाने सर्वसाधारणपणे निषिद्ध मानली आहे. ग्रीष्म ऋतू, बालक, वृद्ध, दुर्बल आणि श्रमाने थकलेले यांचा मात्र अपवाद केला आहे. निद्रानाश असलेल्याने वामकुक्षीचा मोह टाळावा. अगदीच अनिवार्य झाले तर दुपारी ३च्या आत, वीस मिनिटांपुरते आणि शक्यतो खुर्चीतच विसावावे. चहा-कॉफी दुपारनंतर बंद करावी. तंबाखू आणि मशेरी यांतील निकोटीनही उत्तेजक असते. मद्याने झोप लागते हा भ्रम आहे. त्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटक होते.

रात्रीचे जेवण हलके आणि निजण्याच्या दोन-तीन तास आधी व्हावे. निजण्यापूर्वी तास-दीड तास कोमट पाण्याने स्नान केल्यास अंगातील उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते, शरीर आतून थंडावते आणि थंडावणारे शरीर झोपेला अनुकूल असते. आपल्या घरांत तळपायांना तूप किंवा खोबरेल लावून काशाच्या वाटीने घासण्याची चाल होती. निद्रा नष्ट झाली असता अभ्यंग, स्नान, दूध, सुगंध, मनाला रुचणारी शय्या आणि मनःस्वास्थ्य हे उपाय चरकानेही सांगितले आहेत. आजीच्या पायांना नातवाने वाटी घासावी, यात दोघांचेही मन निवते. दुधात जायफळ उगाळून घेण्याची पद्धतही परिचित आहे. मात्र ते चिमूटभरच असावे, कारण अधिक मात्रेत जायफळ बाधते.

निजण्यापूर्वीचा एक तास घराने शांततेसाठी राखून ठेवावा. मोठे दिवे मालवावे. भ्रमणध्वनी शयनगृहाबाहेर ठेवावा. गजरासाठी साधे घड्याळ पुष्कळ झाले. राजकीय चर्चेचे आणि उणीदुणी काढणारे संदेश त्या तासात वाचू नयेत. देशाची चिंता करणाऱ्यांनी ती दिवसा करावी. रात्री ११ वाजता संदेश पुढे पाठवल्याने देशाचे एकही काम पुढे सरकत नाही. मनात कामांची गर्दी असेल तर संध्याकाळीच वही घेऊन दुसऱ्या दिवसाची कामे क्रमाने लिहून काढावी. कागदावर उतरलेली चिंता उशाशी फारशी येत नाही. पूर्वी या तासाला शुभंकरोती, रामरक्षा, पाढे, आजोबांची गोष्ट असे. मन ओळखीच्या शब्दांच्या लयीत शांतवण्याची ती घरगुती पद्धत होती.

अंथरुणाचा आणि झोपेचा करार

येथवर सांगितल्या त्या उत्तम सवयी. परंतु एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्याचा निद्रानाश जुना आहे, त्याला केवळ या सवयींनी बरे वाटेल असे नाही. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या प्रमुख संस्थेने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शनात जुनाट निद्रानाशासाठी केवळ निद्रास्वास्थ्याच्या सूचनांवर विसंबू नये, असेच सुचवले आहे. त्यासाठी आणखी दोन पावले टाकावी लागतात.

पहिले पाऊल रिचर्ड बुट्झिन यांनी १९७२ साली मांडले. अंथरूण हे केवळ झोपेचे स्थान असावे. अंथरुणावर जेवण, हिशेब, दूरचित्रवाणी, वादविवाद, चिंता यांतले काही नको. डोळे जड झाल्याखेरीज पाठ टेकू नये. अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत झोप आली नाही, तर तळमळत पडून न राहता उठावे, दुसऱ्या खोलीत मंद प्रकाशात बसून जप करावा, एखादे शांत पुस्तक वाचावे, आणि झोप आल्यावरच परतावे. रात्रीतून तीनदा उठावे लागले तरी तीनदा उठावे. अंदाजासाठीही घड्याळाकडे पाहू नये. महिनोन्महिने तळमळल्यामुळे मनाने अंथरुणाची सांगड तळमळीशी घातलेली असते. ती सोडवून पुन्हा झोपेशी घालायची, हा या नियमाचा हेतू आहे. एकाच खोलीच्या घरातही हे जमते. गादीवरून उठून भिंतीशी चटईवर बसले तरी चालते.

दुसरे पाऊल स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडले. ते ऐकायला उलटे वाटते, म्हणून उदाहरणाने पाहू. एक अधिकारी रात्री १०ला अंथरुणावर पडतात आणि सकाळी ६ला उठतात. म्हणजे ८ तास अंथरुणावर जातात. दोन आठवडे वहीत नोंद ठेवल्यावर प्रत्यक्ष झोप सरासरी ६ तासच होते, असे दिसते. आठातले सहा म्हणजे ७५ टक्के. उरलेले २ तास तळमळीचे. त्यांनी अंथरुणावरचा काळच ६ तासांचा करावा. रात्री ११.३०ला निजावे आणि पहाटे ५.३०ला उठावे. पहिला आठवडा जड जातो, दिवसा पेंग येते. परंतु झोपेची भूक वाढते आणि तुटक झोप सलग होऊ लागते. अंथरुणावरच्या काळापैकी ८५ ते ९० टक्के काळ झोप लागू लागली, की दर आठवड्याला निजण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. पाच तासांहून कमी काळ मात्र कधीही ठरवू नये. अपस्मार किंवा मनाचा तीव्र चढउतार असलेल्यांनी, वाहनचालकांनी आणि यंत्रावर काम करणाऱ्यांनी हा प्रयोग वैद्याच्या देखरेखीशिवाय करू नये.

या दोन पावलांना शिथिलीकरण आणि विचारांची दुरुस्ती यांची जोड दिली जाते. आज झोप आली नाही तर उद्याचा दिवस बुडाला, असा विचार हा जागरणाचा मोठा मित्र आहे. बहुतेकांना एका वाईट रात्रीनंतरही नेहमीची साधी कामे करता येतात. शिथिलीकरणासाठी आपल्याकडे शवासन, दीर्घ श्वसन आणि भ्रामरी आहेत. मुंगेरच्या योगविद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी न्यासाच्या प्राचीन विधीवरून योगनिद्रेची पद्धत बसवली. ती मनाला विसावा देते. परंतु ती झोपेची जागा घेत नाही, हेही ध्यानात असावे. तिच्या भरवशावर रात्र वाया घालवू नये.

गोळीचा मोह

अनेक घरांत झोपेची गोळी उशाखाली येऊन बसलेली असते. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून घेतली, दुकानदार ओळखीचा म्हणून मिळाली, आणि पाहता पाहता पाच वर्षे झाली! अल्प्राझोलामसारख्या गोळ्या वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे, आणि २०१४ पासून दुकानदाराला त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदही ठेवावी लागते. या निर्बंधाला कारण आहे. अशा गोळ्यांची सवय लागते, हळूहळू मात्रा वाढवावीशी वाटते, वृद्धांचा रात्री उठताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. वैद्याने अल्पकाळासाठी दिलेली गोळी दोषार्ह नाही. मात्र अमेरिकेतील चिकित्सकांच्या संघटनेने २०१६ साली जुनाट निद्रानाशावर प्रथम उपचार म्हणून वर सांगितलेल्या वर्तनोपचारांचीच शिफारस केली, गोळीची नाही. जे वर्षानुवर्षे गोळी घेत आहेत, त्यांनी हे व्याख्यान ऐकून आज रात्री ती फेकून देऊ नये. एकाएकी बंद केल्यास झोप पूर्णच उडते आणि इतरही अपाय संभवतात. वैद्याच्या सल्ल्याने मात्रा सावकाश उतरवावी.

काही वेळा झोपेच्या तक्रारीमागे दुसरा आजार दडलेला असतो. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकून दचकून उठणे आणि दिवसभर पेंग येणे, ही लक्षणे श्वासरोधाची असतात. झोपताना पायांत वळवळ होऊन ते हलवल्याशिवाय चैन पडत नसेल, तर रक्तातील लोह तपासून घ्यावे, स्त्रियांनी विशेषतः. पहाटे फार लवकर जाग येणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे ही मनाच्या आजाराची खूण असू शकते. अशा माणसाला उपदेश न करता त्याला सोबत घेऊन वैद्याकडे जावे.

घरातील शेवटचा दिवा

झोप ही व्यक्तीची खाजगी बाब वाटते. वस्तुतः ती कुटुंबाची व्यवस्था आहे. प्रत्येक घरात एक व्यक्ती सर्वांच्या आधी उठते आणि सर्वांच्या नंतर निजते. ती बहुधा त्या घरची गृहिणी असते. रात्री ११ला आलेल्या कार्यकर्त्यांचे जेवण ती वाढते, ओटा आवरते, दुधाला विरजण लावते, आणि पहाटे ५ला डब्यांसाठी पुन्हा उठते. तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांना आपण त्याग असे नाव देऊन मोकळे होतो. तिला निद्रास्वास्थ्याचे नियम सांगण्यापूर्वी घरातील पुरुषांनी आणि मुलांनी रात्रीची कामे वाटून घ्यावी, हाच तिच्यावरचा पहिला उपचार आहे.

मुलांचेही तसेच. ६ ते १२ वयाच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असे निद्रावैद्यकाचे तज्ज्ञ सांगतात. प्रौढांना किमान ७ तास. वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेत चालते. शिकवणीहून रात्री ९ला परतलेल्या मुलाला १२पर्यंत अभ्यासाला बसवणारे पालक, एका हाताने भरलेले भांडे दुसऱ्या हाताने कलंडत असतात. वयात येणाऱ्या मुलांचे घड्याळ स्वभावतःच काहीसे उशिरा चालते, म्हणून त्यांना आळशी म्हणून हिणवू नये. त्यांच्या हातातील पडदा मात्र वेळेवर काढून ठेवावा. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात परदेशी वेळेप्रमाणे रात्रपाळी करणाऱ्या मुला-मुलींना दिवसा अंधारी आणि शांत खोली मिळेल, एवढी काळजी घरच्यांनी घ्यावी. त्यांची झोप हा चैनीचा विषय नव्हे.

ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचा आग्रह आपण धरतो, तो योग्यच आहे. परंतु सूर्योदयापूर्वी दीड तास उठायचे, तर रात्री साडेनऊपर्यंत अंथरुणावर असले पाहिजे, हे गणित त्याच आग्रहात अंतर्भूत आहे. परंपरेचा अर्धा भाग पाळायचा आणि उरलेला विसरायचा, याला परंपरेचे पालन म्हणता येत नाही.

यातून काही साधे संकल्प करता येण्याजोगे आहेत. स्थानिक बैठका रात्री ९.३०ला संपाव्यात, आणि प्रमुखाने त्यासाठी घड्याळ समोर ठेवावे. लांबच्या प्रवासानंतर कार्यकर्त्याला रात्री परत न धाडता तेथेच मुक्कामाला ठेवावे. घरात एक वेळ ठरवून सर्वांचे भ्रमणध्वनी एका जागी ठेवावेत. ज्याला निद्रानाश आहे त्याने उद्यापासून दोन आठवडे वहीत निजण्या-उठण्याची नोंद करावी आणि ती वही घेऊन वैद्याकडे जावे.

आषाढीच्या यात्रेत पंढरपुरात श्रीविठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. लक्षावधी वारकऱ्यांना दर्शन देण्यासाठी देव अहोरात्र उभा असतो, शेजारती होत नाही. परंतु यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाला उष्णोदकाने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात, आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. भक्तांसाठी जागणाऱ्या देवाच्याही विश्रांतीचा दिवस आपल्या पूर्वजांनी ठरवून ठेवला आहे. समाजासाठी राबणाऱ्या कार्यकर्त्याच्या आणि घरासाठी राबणाऱ्या माउलीच्या वाट्याला तेवढी दया यावी, ती आपल्याच घरातून यावी, आणि आज रात्रीपासून यावी.